दोन गेजची वजाबाकी करण्याआधी

पंपाचं डिफरन्शियल म्हणजे डिलिव्हरीचं (पाणी बाहेर पडणाऱ्या बाजूचं) प्रेशर वजा सक्शनचं (पाणी आत येणाऱ्या बाजूचं), हे तुम्हाला येतंच. फसगत वजाबाकीत होत नाही, प्रेशर दाखवणाऱ्या गेजमध्ये होते.

गरम पाणी फिरवणाऱ्या पंपाचं हेड (मीटरमध्ये मोजलेलं डिफरन्शियल) समजा 12 मीटर, म्हणजे जेमतेम 1.2 किलो (दर चौरस सेंटिमीटरला). त्यावर गेज बसवलेलं 0 ते 10 किलोचं. 1.6 क्लासचं गेज पूर्ण स्केलच्या 1.6 टक्के चुकू शकतं, म्हणजे 0.16 किलो. दोन गेज उलटसुलट चुकले की तीन मीटरची तफावत तिथेच. त्यात सक्शनचं गेज गुडघ्याशी आणि डिलिव्हरीचं डोळ्यांसमोर असेल, तर मीटरभर उंचीमुळे वरचं आणखी 0.1 किलो कमी दाखवणार. एवढ्यावर 'पंप गेला' म्हणत धडधाकट पंप खोलला जातो.

म्हणून गेज एकच वापरा. स्टॅटिक (पंप बंद असतानाचं प्रेशर) दोन किलोच्या आत असेल तर 0 ते 4 किलोचं पुरतं. दोन्ही टॅपिंगवरून (पाइपवरच्या गेज जोडायच्या जागांवरून) नळ्या आणून गेजखालच्या टीला (T आकाराच्या जोडाला) जोडा, प्रत्येकीला कॉक द्या, नळ्यांतली हवा काढा. एका वेळी एकच कॉक उघडा. पंप बंद असताना दोन्हीकडचं रीडिंग सारखंच आलं पाहिजे. नाही आलं तर टॅपिंग गाळाने चोंदलंय किंवा नळीत हवा आहे. ते निस्तरल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुरुवातीला चार-चार वेळा जुळत नाही, घाबरू नका. पण पाणी 80 अंशांचं आहे, कॉक बंद केल्याशिवाय गेज सोडवायचं नाही.

आता अर्थ. डिफरन्शियल जास्त म्हणजे पंप जोरात, असं मुळीच नाही; पाणी कमी फिरतंय, कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे. सक्शन टॅपिंगच्या आधीचा स्ट्रेनर (गाळणी) चोंदला असेल तर पंप चालू होताच सक्शन पडतं. डिफरन्शियल कमी असेल तर क्लॅम्प मीटर लावून मोटरचा करंट बघा. अँपिअर जास्त असतील तर बायपास (पाण्याची आडवाट) उघडा राहिलाय. अँपिअरही कमी असतील तर पंपात हवा किंवा झिजलेला इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक). विजेच्या पॅनलचं काम नुकतंच झालं असेल तर आधी फिरण्याची दिशा बघा. उलटा फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंपही पाणी सरळच ढकलतो, फक्त हेड पडतं.

'मेकअप प्रेशर (सिस्टिममध्ये भरायच्या पाण्याचं प्रेशर) वाढव' सांगणाऱ्यांचं ऐकू नका. दोन्ही काटे सारखेच चढतात, फरक तेवढाच राहतो. खिशात तपासलेलं गेज बाळगणाऱ्या सीनिअरच्या मागे राहा.

शटऑफ (पाणी वाहत नसतानाचं हेड) बघायचं असेल तर बर्नर बंद करून डिलिव्हरी व्हॉल्व्ह मिटा, अर्ध्या मिनिटात रीडिंग घेऊन उघडा. सक्शनचा व्हॉल्व्ह कधीच मिटायचा नाही. आलेलं हेड पंपाच्या कर्व्हवरच्या (फ्लो-हेडच्या आलेखावरच्या) शून्य फ्लोच्या हेडशी ताडताना तापमान धरा: 80 अंशांच्या पाण्याचा एक किलो म्हणजे सुमारे 10.3 मीटर.