पहाटे चारचं टाइमटेबल आणि बाकीच्या चुका

दर सेमिस्टरला ज्युनियर पोरंपोरी येतात, "दादा, वेळच पुरंना" म्हणतात, आणि वही बघितली की चुका त्याच त्या. म्हणून एकदा लिहूनच टाकू लागलो.

पहिली आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे पहाटे 4 ला उठणे, 4:30 ते 7 हा विषय, 7:30 ते 10 तो विषय, स्केचपेननं रंगवून भिंतीला चिकटवलेलं टाइमटेबल. अरे, पण त्यात एसटी कुठंय? मेसची लाइन कुठंय? नळाला पाणी आलं की बादल्या भरायच्या, ते कुठंय? पैठणहून नाहीतर जालन्याहून संभाजीनगरला रोज अपडाउन करणाऱ्याचे कितीतरी तास नुसते गाडीत आणि स्टँडवर जातात, ते कुणीच लिहीत नाही. आणि पहिलं सेम म्हणजे सोयाबीन. सप्टेंबरच्या शेवटाला नाहीतर ऑक्टोबरात घरून फोन येतोच, मजूर मिळंना, दोन दिवस ये. दोन दिवसाचे आठ होतात, मागून कापूस वेचणी, आणि परीक्षा त्याच्याच आगंमागं. दरवर्षी असंच होतंय तरी एकाच्याही टाइमटेबलात सोयाबीन नसतं.

माझी सवय सांगतो. रविवारी वहीच्या मागच्या पानावर आधी जो वेळ आपला नाही तो लिहायचा, लेक्चर, प्रवास, घरचं काम, पार्टटाइम जॉब, सगळं. थिअरीचा 1 क्रेडिट म्हणजे सेमभरात 15 तास, म्हणजे 4 क्रेडिटच्या एका विषयाचे 60 तास नुसत्या लेक्चरचे, प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला तर 30. हे सगळं वजा करून जे उरतं त्यातलं पण निम्मंच अभ्यासाला धरायचं. दिवसाला दोनच तास निघतात म्हणून नाराज होऊ नका, ते दोन तास खरे असतात.

दुसरी चूक, जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही. आमच्या शेजारच्या रूमवर बीएस्सीचा एक पोरगा होता, हुशार, पण "एका रात्रीत उतरवून काढू" म्हणत सेमभर केमिस्ट्रीच्या जर्नलला हात लावला नाही, आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री तिघाचौघांनी मिळून पहाटपर्यंत लिहून काढलंही. सकाळी बघतो तर सरच नाहीत, एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचे परीक्षक म्हणून दुसऱ्या गावच्या कॉलेजला गेलेले, कारण त्या दिवसांत सगळ्याच कॉलेजचे सर इकडून तिकडं जात असतात. प्रयोगाखाली सही नाही, जर्नलातलं सर्टिफिकेट कोरं, फोन लागंना, त्याची बॅच आत गेली आणि पोरगं बिनसहीचं जर्नल घेऊन डिपार्टमेंटच्या पायऱ्यांवर बसलेलं. शेवटी एका मॅडमनी दुपारच्या बॅचला घेतलं पण जर्नलचे मार्क गेले ते गेलेच. एका रात्रीत लिहून होतं हो, सही होत नाही. ज्या कामात दुसऱ्याची सही, शिक्का, मंजुरी लागते ते काम आधी उरकायचं. मी तर प्रयोग झाला की त्याच आठवड्यात सही घ्यायचो, सरांना कटकट वाटली तरी चालंल.

बाकीचं थोडक्यात. टाइम मॅनेजमेंटची ॲप दर आठवड्याला बदलू नका, एक वही पुरते. 25 मिनिटं अभ्यास आणि 5 मिनिटं ब्रेक ही पद्धत पाठांतराला ठीक आहे, पण गणितं सोडवताना अर्ध्यात उठलात तर परत पहिल्यापासून. ब्रेकमध्ये रील लावली तर तो ब्रेक तासाचा होतो. डिग्री आणि एमपीएससी दोन्ही करायलात तर परीक्षेच्या महिन्यात एमपीएससीची पुस्तकं पेटीत टाका. आणि "इम्पॉर्टंट प्रश्नांची पीडीएफ आहे का दादा" हे मला विचारूच नका, सिलॅबस न उघडता पीडीएफ मागणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

राहिला स्कॉलरशिपचा फॉर्म. शेवटच्या तारखेला महाडीबीटीची साइट रखडते हे सगळ्यांना माहीत आहे, पण खरी अडचण ओटीपीची. आधारला नंबर वडलांचा, वडील शेतात, तिथं रेंज नाही, आणि इकडं नेट कॅफेवाला पुढच्याचा फॉर्म घेतो. दिवाळीची वाट बघू नका, त्याच्या आधी गावाकडं चक्कर झाली की वडलांचा मोबाइल शेजारी ठेवून तिथंच भरून टाका, आणि उत्पन्नाचा दाखला त्याच्याही आधी काढा, तहसीलला ऐनवेळी लई गर्दी असते.