मेलमधल्या लिंकमध्ये लोकलहोस्ट कुठून आला?

पासवर्ड बदलायच्या मेलमधली लिंक उघडत नाही, अशी तक्रार आली तेव्हा मी ठामपणे म्हणालो, "माझ्याकडे उघडते." खरंच उघडत होती. लिंकमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे ज्या मशीनवर लिंक उघडाल तेच मशीन) आणि पोर्ट ८०८० होतं, आणि माझ्या मशीनवर ८०८० वर माझंच अ‍ॅप चालू होतं. हे कळायला दोन दिवस गेले.

लिंक बनवणारा जावा कोड नेहमीचाच होता. आलेल्या रिक्वेस्टवरून गेटस्कीम, गेटसर्व्हरनेम, गेटसर्व्हरपोर्ट, गेटकॉन्टेक्स्टपाथ घ्यायचे आणि जोडायचे. पण नीट लक्षात घ्या, या मेथड्स सर्व्हरचा पत्ता शोधून आणत नाहीत. गेटसर्व्हरनेम होस्ट हेडर वाचतं, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाव. आमच्या टॉमकॅटला (अ‍ॅप चालवणारा जावा सर्व्हर) रिक्वेस्ट पाठवत होता एनजिनएक्स, म्हणजे ब्राउझर आणि टॉमकॅटच्या मधला प्रॉक्सी सर्व्हर. ब्राउझरचं एचटीटीपीएस त्याच्यापाशीच संपायचं, पुढे साधं एचटीटीपी. आणि वेगळं सांगितलं नाही तर एनजिनएक्स ब्राउझरने दिलेला होस्ट पुढे पाठवत नाही, स्वतःच्या प्रॉक्सी-पास सेटिंगमध्ये लिहिलेला पत्ताच होस्ट म्हणून देतो. टॉमकॅटने मिळालं तेच सांगितलं: लोकलहोस्ट, ८०८०.

मग मी इनेटअ‍ॅड्रेसचं गेटलोकलहोस्ट (मशीनचा स्वतःचा पत्ता देणारी जावाची मेथड) वापरून पाहिलं. कंटेनरमध्ये (अ‍ॅप चालवायची वेगळी, बंदिस्त जागा) त्याने कंटेनरचा आतला आयपी दिला, बाहेरच्या कुणालाही निरुपयोगी. एका सीनियरने "स्ट्रिंग रिप्लेस मार आणि मोकळा हो", म्हणजे तयार लिंकमधला चुकीचा पत्ता कोडमध्येच बदलून टाक, असं सुचवलं. असा सल्ला कुणीही दिला तरी घेऊ नका.

उपाय तसा छोटा आहे, घाबरू नका. एनजिनएक्समधून मूळ होस्ट आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (ब्राउझर एचटीटीपीएसने आला की एचटीटीपीने, हे सांगणारं हेडर) पाठवा. ते हेडर वाचलं जावं म्हणून टॉमकॅटमध्ये रिमोटआयपीव्हॉल्व्ह लावा. स्प्रिंग बूट असेल तर फॉरवर्ड-हेडर्स-स्ट्रॅटेजी सेट करा. अ‍ॅपने ब्राउझरला दुसऱ्या पानावर पाठवायचे पत्ते, म्हणजे रीडायरेक्ट, लगेच सुधारतील. मात्र हे हेडर कुणीही बनवून पाठवू शकतं, म्हणून प्रॉक्सीने बाहेरून आलेली किंमत पुसून स्वतःची लिहिलीच पाहिजे.

मेलच्या लिंकसाठी एवढ्यावर थांबू नका. एखाद्याने होस्टमध्ये स्वतःचं डोमेन घालून दुसऱ्याच्या नावाने पासवर्ड रीसेट मागितला, तर टोकन (पासवर्ड बदलू देणारा गुप्त कोड) असलेली लिंक त्या डोमेनची बनते. मेल मात्र आपल्याच सर्व्हरवरून जातो, त्यामुळे वापरकर्ता विश्वासाने क्लिक करतो आणि खातं जातं. शिवाय रात्रीच्या शेड्यूल्ड जॉबमध्ये रिक्वेस्टच नसते, तिथे पत्ता विचारणार कुणाला? आमच्याकडे मेलचा बेस यूआरएल (लिंकचा सुरुवातीचा पत्ता) आता कॉन्फिगमधून येतो, टेस्टला वेगळा, प्रॉडक्शनला वेगळा. तो लिहिलेला नसेल तर अ‍ॅप सुरूच होत नाही.