परतीचा पाऊस येतोय, सोयाबीनची बनीम (गंजी) आधी उंचावर घ्या (धाराशिव जिल्हा)

आपल्याकडे उभ्या सोयाबीनइतकंच, किंबहुना जास्त, कापून ठेवलेलं सोयाबीन हातचं जातं. ऑक्टोबर २०२० च्या मध्यात परतीच्या पावसाने शिवारातल्या बनिमी ओढ्याबरोबर वाहून नेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने भूम-परंडा भागात पिकासकट माती खरवडली. तरी बनीम पुन्हा ओढ्याकाठच्या खोलगट तुकड्यातच लागते, कारण तिथवर मळणीयंत्र सहज येतं. ही सवय या हंगामात मोडा.

विम्याच्या भरवशावर राहू नका. २०२५ च्या खरिपापासून राज्याने काढणीपश्चात नुकसानीचं संरक्षण पीक विमा योजनेतून काढलं आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर (निवडक शेतांत पीक कापून भागाचं सरासरी उत्पादन काढणं) आणून ठेवली. तुमची एकट्याची गंजी भिजली तर त्या हिशेबात ती दिसत नाही.

बनीम अशी लावा:

शेतातली सर्वांत उंच जागा निवडा. झाडाखाली आणि विजेच्या तारांखाली नको. नऊ इंच उंचीचा मातीचा ओटा करून धुमसा, वर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा आडवा-उभा थर द्या. भोवती फूटभर खोल चर काढून उताराकडे मोकळा सोडा. तोंड बंद असलेला चर म्हणजे ओट्याखाली साठवलेलं पाणीच. रचताना शेंगा आत, बुडखे बाहेर. माथा घराच्या आढ्यासारखा निमुळता हवा, सपाट माथ्यावर ताडपत्रीत पाणी साचतं आणि शिवणीतून गळतं. ताडपत्री वरून बांधा, खालचा फूटभर भाग उघडा ठेवा. जमिनीपर्यंत गुंडाळली की आतली वाफ अडकते, दाणा काळा पडतो, शेंगेतच मोड येतात. पाऊस उघडला, ऊन पडलं की त्याच दिवशी ताडपत्री काढा.

ओला माल कधीच रचू नका. कापणीनंतर दोन-तीन दिवस कडक ऊन मिळू द्या. पेंढ्या भिजल्या तर उलथून वाळवा, मगच गंजी. रोज कोपरापर्यंत हात आत घाला. ऊब लागली तर तेवढा भाग लगेच फोडा.

कापणी ९० ते ९५ टक्के शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्यावर. त्याहून थांबलात तर शेंगा तडकतात. मळणीला दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा असावा. १४ टक्क्यांना ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५००, १३ ला ३०० ते ४००. यंत्रवाले घाईत फेरे वाढवतात, दाणे फुटून डाळ पडते, बियाणं तर वायाच जातं. साठवणीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला तर जमलं, चेपला तर अजून एक ऊन.

पीक लवकर वाळावं म्हणून दुकानदार पॅराक्वाट हे तणनाशक हातात देतात. सोयाबीनवर त्याला मंजुरी नाही आणि विषबाधा झाली तर उतारा नाही. शेंगा पक्व झाल्यावर टॉनिक किंवा बुरशीनाशकाचाही उपयोग नाही. ते पैसे जाड ताडपत्रीला घाला.

अंदाज रोज पाहाच, पण शिवारातली खूणही ऐका: सकाळी दव नाही आणि दहालाच घामाच्या धारा, तर दुपारनंतर कापणी काढू नका.

बाकी कामं:
- रब्बी ज्वारी: १५ ऑक्टोबरपर्यंत पेरणी. काणी या बुरशीच्या रोगासाठी ३०० मेश (बारीक भुकटी) गंधक, ४ ग्रॅम प्रति किलो बियाण्याला चोळा.
- हरभरा: बियाण्याला ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) ५ ग्रॅम, नंतर रायझोबियम (जिवाणू खत) २५ ग्रॅम प्रति किलो चोळा. सावलीत सुकवून पेरा.
- तूर: साचलेलं पाणी चराने बाहेर काढा.

माल भिजलाच तर हलवण्याआधी तारीख दिसेल असे फोटो काढा, तलाठ्यांना लेखी कळवा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलमध्ये ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर ताडपत्री बांधायला शेतात पळू नका, झाडाखालीही थांबू नका. बांधणी दुपारी बाराच्या आत उरकून ठेवा.