जहाजाच्या मॉडेलवर नाळेजवळच्या (पुढच्या टोकाजवळच्या) पट्ट्या सुटतात? माझा अनुभव

लाकडी किटमधल्या १.५ मिमी जाड, ५ मिमी रुंद पट्ट्या नाळेच्या वळणावर रात्रीतून उचकटायच्या. जास्त गोंद, टाचण्या, सगळं करून झालं. अगदी वैताग आला.

चूक अशी, की ओली पट्टी लगेच चिकटवत होतो. वडोदऱ्याच्या पावसाळी हवेत ती सावकाश वाळते, वाळताना आकसते आणि सांधा उघडतो.

आधी सांगाड्याच्या पुढच्या तीन चौकटींच्या कडा तिरक्या घासल्या, पट्टी सपाट टेकेल इतक्या. पट्टी गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून, गोंद न लावता, चिमट्यांनी जागेवर २४ तास वाळवली. उतरवल्यावर वळण तसंच राहतं. मग टोक निमुळतं तासलं, पण निम्म्या रुंदीपर्यंतच. त्याहून अरुंद केलं तर ते फाटतं. शेवटी पांढरा गोंद, एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे अशी आळीपाळीने, नाहीतर कण्याला (तळाच्या मधल्या लांब लाकडाला) पीळ बसतो.