कराराची मुदत संपण्याआधी भाड्याचं घर सोडताना

भुसावळहून रेल्वेची बदली होते, जळगावच्या एमआयडीसीतलं काम सुटतं, धुळ्यात शिकणाऱ्या मुलाला नाशिकला नोकरी लागते, आणि अकरा महिन्यांच्या करारातले चार-पाच महिने अजून बाकी असतात. अशा वेळी घरमालकाशी बोलण्याआधी करार काढा आणि दोन कलमं शोधा: लॉक-इन (ज्या काळात घर सोडायचं नाही असं ठरलेलं असतं तो) किती महिन्यांचा आणि नोटीस किती दिवसांची. आपल्याकडच्या लिव्ह अँड लायसन्स करारांत नोटीस बहुधा एक महिन्याची असते. लॉक-इन नसेल किंवा उलटून गेला असेल, तर नोटिशीची मुदत भरून निघता येतं.

लॉक-इनमध्येच निघावं लागत असेल तर हिशोब आधी मांडा. समजा करार १ जुलैपासून, लॉक-इन सहा महिने, भाडं ७,००० आणि डिपॉझिट २०,००० आहे. ३१ ऑक्टोबरला नोटीस देऊन ३० नोव्हेंबरला घर सोडलं, तर लॉक-इनचा डिसेंबर उरतो. मालक फार तर ते ७,००० मागतील. अख्खं डिपॉझिट बुडालं असं समजू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते, तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. १ डिसेंबरपासूनच दुसरं बिऱ्हाड आलं, तर मालकाचं नुकसान जवळपास काहीच होत नाही. म्हणून आपणच नवा भाडेकरू शोधून द्यावा, वाटाघाटीत याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. मात्र त्याला परस्पर खोली देऊ नका. मालकाची संमती आणि नव्या भाडेकरूच्या नावाचा नवा करार हवाच. आखाजीनंतर, शाळा-कॉलेजं सुरू होण्याच्या सुमारास माणूस लवकर मिळतो.

घोटाळा होतो तो तोंडी सांगण्यात. मालक खालीच राहतात, म्हणून जिन्यात भेटल्यावर ‘काका, पुढच्या महिन्यात खोली सोडतोय’ एवढंच सांगितलं जातं. महिनाभराने नोटीस कधी दिली यावरूनच वाद होतो. काकांना जरूर सांगा, पण त्याच दिवशी लेखीही द्या: कराराची तारीख, घराचा पत्ता, ‘अमुक तारखेला ताबा देईन’, आणि डिपॉझिट कोणत्या खात्यात जमा करायचं ते. एका प्रतीवर सही-तारीख घ्या. सही नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा, व्हॉट्सॲपवरही फोटो टाका.

करार नुसता नोटरी केलेला असेल किंवा झालेलाच नसेल, तरी घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं.

शेवटच्या महिन्याचं भाडं ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ असं परस्पर ठरवू नका. मालक कबूल असतील तर तसं लिहून घ्या, नाहीतर भाडं नेहमीसारखं खात्यावर भरा.

डिपॉझिट सर्वांत जास्त कापलं जातं ते कूलरपायी. आपल्या उन्हाळ्यात खिडकीला कूलर लागतोच. त्यासाठी काढलेलं तावदान माळ्यावर पडून राहतं, स्टँडच्या बोल्टची भोकं उरतात आणि टाकीच्या गळतीने खिडकीखालचा गिलावा फुगतो. निघण्याच्या पंधरा दिवस आधी कूलर उतरवा. भिंत पूर्ण सुकू द्या, मग सुटा झालेला गिलावा खरवडून पुट्टी भरा. ओल्या भिंतीवर भरलेली पुट्टी आठवड्यात सुटते. तावदान परत बसवा. रंग विटणं ही वापरातली झीज आहे, त्याचे पैसे द्यायचं कारण नाही. फुटलेलं बेसिन मात्र भरून द्यावं लागतं.

ताबा देताना मालकासोबत खोल्या फिरा, व्हिडिओ काढा, मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या. महावितरणचं बिल नंतर येतं, म्हणून त्या रीडिंगवरून रक्कम काढून तिथेच मिटवा. किल्ल्या आणि डिपॉझिट एकाच बैठकीत. ‘घराचा ताबा मिळाला, कोणतीही बाकी नाही’ अशी सही केलेली पावती घ्या. डिपॉझिट नंतर देतो म्हणाले, तर रक्कम आणि तारीख त्याच पावतीवर लिहून घ्या. ती तारीख टळली तर आधी लेखी मागणी करा, मग वकिलाची नोटीस द्या. दिवाणी न्यायालयात पैशाचा दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते.