न लागणारा कोड कापताना या चुका टाळा

जुनं, फुगलेलं सॉफ्टवेअर हलकं करायलाच हवं. २०१४ साली ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे इंटरनेटवरचा डेटा सांकेतिक करणाऱ्या लायब्ररीत, हार्टब्लीड नावाचं सुरक्षेचं भोक सापडलं, ते हार्टबीट नावाच्या एका सोयीत. बहुतेकांना ती लागत नव्हती, तरी चालू होती. ती वगळून पुन्हा कंपाइल केलं की भोक बंद. पण ‘न लागणारं’ कोणतं, हे ठरवतानाच लोक घाई करतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे थोडे दिवस ट्रेस (प्रोग्रामचे कोणते भाग प्रत्यक्ष चालतात याची नोंद) घ्यायचा आणि जे चाललं नाही ते उडवायचं. ही मी स्वतः केली आहे. रत्नागिरीतल्या एका मासळी व्यापाऱ्याचा हिशेबाचा प्रोग्राम होता, सी भाषेत लिहिलेला. जुलैत काम निवांत, म्हणून तेव्हाच पंधरा दिवस ट्रेस घेतला. सुक्या मासळीची बिलं, जुनी उधारी, सगळं चालताना दिसलं. बाकीची फंक्शनं (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) काढली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, म्हणजे निम्मा प्रोग्राम झोपलेला असतो, हा विचारच केला नाही. ऑगस्टात एका पहाटे बोट लागली, लिलाव झाला आणि खलाशांचा वाटा काढताना प्रोग्राम बंद पडला. उचल वळती करणारा भागच मी कापला होता. माणसं पैशांसाठी जेटीवर ताटकळली आणि आम्ही वहीत आकडेमोड करत बसलो. ती लाज अजून गेलेली नाही.

आता मी आधी काहीच कापत नाही. संशयित फंक्शनच्या सुरुवातीला लॉगची, म्हणजे ते चाललं की नोंद करणारी, एक ओळ घालतो आणि बंदी, हंगाम, मार्चअखेर असं अख्खं वर्ष जाऊ देतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

वर्ष झालं तरी तपासणीचा कोड काढू नका. डेटाची लांबी जास्त आली तर तो नाकारणारी कोडची फांदी ट्रेसमध्ये क्वचितच दिसते, कारण रोजचा डेटा सरळ असतो. हार्टब्लीडमध्ये नेमकी लांबीचीच तपासणी राहून गेली होती. अशी तपासणी काढणं म्हणजे भोकं बुजवायला बसायचं आणि नवं पाडून उठायचं.

नुसत्या कॉल ग्राफवरही (कोणतं फंक्शन कोणाला बोलावतं याचा नकाशा) विसंबू नका: फंक्शन पॉइंटर आणि जावातलं रिफ्लेक्शन, म्हणजे कोणतं फंक्शन चालवायचं हे प्रोग्राम चालतानाच ठरवायच्या युक्त्या, त्यात नीट उमटत नाहीत.

किती एमबी वाचले, हे नवशिक्यांनी मला सांगू नये. काय काढलं, ते सांगा.

आणि जुनी बायनरी, म्हणजे कापण्याआधीचा चालता प्रोग्राम, त्याच मशीनवर ठेवा. त्या पहाटे ती माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर होती.