बी.एड.ला पेरेनिअलिझम शिकताना: फळ्यावरचा एक चौरस

बी.एड.ला नवीन आलेल्यांसाठी लिहितेय. शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचा पेपर म्हटलं की आपण आधी व्याख्या पाठ करायला बसतो, मी पण तेच केलेलं. पेरेनिअलिझम म्हणजे शाश्वततावाद, काळ बदलला तरी माणसाचे मूळ प्रश्न तेच राहतात म्हणून त्या प्रश्नांशी झुंजलेली थोर पुस्तकं मुलांनी वाचावीत, झालं उत्तर. पण व्हायवाला सरांनी विचारलं, "मग हे आणि इसेन्शिअलिझम एकच की?" आणि मी गप्प.

एकच नाही. इसेन्शिअलिझमवाल्यांचा भर समाजात वावरायला लागणारं पायाभूत ज्ञान आणि कौशल्यं पक्की करण्यावर, तर पेरेनिअलिझमवाल्यांचा मूल स्वतः विचार करायला लागण्यावर. रॉबर्ट हचिन्स 1929 मध्ये अवघ्या तिशीत शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, त्यांनी तत्त्वज्ञ मॉर्टिमर अ‍ॅडलरना सोबत घेऊन हा विचार लावून धरला. 1937 मध्ये अमेरिकेतल्याच अ‍ॅनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजने तर अख्खा अभ्यासक्रमच थोर ग्रंथांवर उभा केला, आजही तिथे शिक्षकाला प्रोफेसर नाही, ट्यूटर म्हणतात आणि सेमिनार सुरू होतो तो एका प्रश्नाने.

मला हे खरं कळलं ते इंटर्नशिपमध्ये. प्लेटोच्या 'मेनो'मध्ये सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला चौरस दाखवून विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? मी सहावीच्या वर्गात फळ्यावर 2 बाजूचा चौरस काढला, क्षेत्रफळ 4, आणि हाच प्रश्न टाकला. अख्खा वर्ग ओरडला, "बाजू 4 करा!" काढला, घरं मोजली, 16 भरली. मग मागून आवाज, "3 करा मॅडम." 9. प्लेटोच्या त्या मुलाने दिलेली हीच दोन चुकीची उत्तरं, याच क्रमाने, जवळपास 2400 वर्षांपूर्वीच्या पुस्तकात! माझ्या अंगावर काटा आला खरंच.

नंतर वर्ग शांत. पुस्तकात इथे सॉक्रेटिस स्वतःच कर्ण दाखवतो, मी नाही दाखवला, नुसती थांबले, आणि ते थांबणंच सगळ्यात अवघड, हात सारखा खडूकडे जातो. शेवटी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून आली आणि म्हणाली "असं तिरकं कापलं तर?" अर्धा चौरस 2 चा, असे चार जोडले की 8. तिने मोजलं, पुन्हा मोजलं, मग हसली.

या विचारावर टीकाही आहे आणि ती मला पटते. अ‍ॅडलर-हचिन्सनी काढलेल्या थोर ग्रंथांच्या 1952 च्या 54 खंडांच्या संचात एकही लेखिका नव्हती, सगळं पाश्चात्त्यच. त्यामुळे त्यांची यादी आहे तशी घेऊ नका, पद्धत घ्या, आपल्याकडे अभंग आहेत, ओव्या आहेत, त्यातही मुलांना अडवणारे प्रश्न भरपूर आहेत.

असा पाठ घेणार असाल तर टाचणात 'विद्यार्थी कृती'च्या रकान्यात बरोबर उत्तरासोबत चुकीची उत्तरंही लिहून ठेवा, कारण पाठ त्यांच्यावरच चालतो. चौकटीचे कागद वाटा. आणि मेथडच्या मॅडमना आधीच सांगा की मूल्यमापन दुसऱ्या दिवशी घेईन, माझ्या 35 मिनिटांच्या तासिकेतली 30 कर्णापर्यंत पोचण्यातच गेली.